पगाराची बोलणी

९ जून

बाबा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतंच बाबा. दोन वर्षांनी पत्र लिहितेय. घाबरू नका, पैसे मागायला नाही आणि माफी मागायलाही नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. ‘बरं बरं, कळलं’ म्हणता आणि फोन आईकडे देता. कागदाला तसं करता येत नाही.

मी नोकरी बदलतेय. इतकी वर्षं ज्या लॅबमध्ये कवळ्या बनवतेय, तिथलं सगळं आता घशाशी आलंय. प्लास्टरची धूळ आणि वितळलेल्या मेणाचा वास यांचं काही नाही, तो धंद्याचाच भाग आहे. किळस येते ती मालकांची. ते दुपारचा डबा माझ्या टेबलावर, जबड्यांच्या साच्यांमध्ये उघडतात. बोटं चाटतात आणि त्याच बोटांनी मी नुकती पॉलिश केलेली कवळी उचलून म्हणतात, ‘वा! नुसती हसतेय!’ चार वर्षांत एकदाही पगार वाढला नाही. विचारलं की म्हणतात, ‘आपण काय परके आहोत का?’ महिनाभर आम्ही त्यांच्या घरचे असतो, फक्त पगाराच्या दिवशी परके होतो.

आमच्याकडे एक मुलगा आहे, आम्ही त्याला लंबू म्हणतो. मेणात दात कसे बसवायचे ते त्याला मीच शिकवलं. मागच्या महिन्यात स्कूटरच्या हप्त्याबद्दल बोलता बोलता त्याने स्वतःचा पगार सांगून टाकला. तो माझ्यापेक्षा बराच जास्त निघाला. त्या बिचाऱ्याला वाटत होतं, मला त्याच्या दुप्पट मिळत असतील. मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, ‘त्याला संसार आहे हो. तुमचं काय, एकटीचं.’ माझ्या टेबलावर तुमच्या नातीचा फोटो चिकटवलेला आहे. ते रोज त्याच्याच शेजारी डबा ठेवतात.

आता मुद्द्याचं. पुलापलीकडे दातांचं मोठं हॉस्पिटल आहे, त्यांची स्वतःची लॅब आहे. तिथे मी अर्ज केला. तिथले मोठे डॉक्टर आडनाव बघून म्हणाले, ‘सरांच्या कोण?’ तुमचेच विद्यार्थी निघाले. तुमच्या गणिताच्या तासाची आठवण झाली की अजून घाम फुटतो म्हणाले. त्यांनी माझ्याकडून एक पूर्ण कवळी करून घेतली, खालची-वरची दोन्ही, आणि ती त्यांना पसंत पडली. गुरुवारी पगाराचं बोलायला बोलावलंय.

माझा अंदाज आहे की ते तुम्हाला फोन करतील. केलाच आणि पैशांचा विषय निघाला, तर तुम्ही दोनच शब्द बोलायचे: ‘तिच्याशीच बोल.’ एवढीच विनंती आहे.

मी चाळीस हजार मागणार आहे. चार ठिकाणी चौकशी केली, माझ्याइतकं काम केलेल्या माणसाला एवढे मिळतात. रोज संध्याकाळी तालीम चालू आहे. तुमची नात डॉक्टर होते आणि खुर्चीत रेलून म्हणते, ‘नाही हां बाई, आमच्याकडे पन्नास पैसेच आहेत.’ मग आम्ही दोघी हसतो आणि मी परत पहिल्यापासून सुरू करते.

आईला विचारलं म्हणून सांगा.

तुमची मुलगी


१६ जून

बाबा,

दोनच शब्द होते. तेवढेही जमले नाहीत तुम्हाला.

काल काय झालं ते सगळं लिहिते. तुम्हाला कळायला हवं.

डॉक्टरांची केबिन काचेची आहे. कोपऱ्यात माशांची टाकी, आणि त्यात एक मासा पोट वर करून तरंगत होता. बाकीचे त्याला ढुशा देत फिरत होते. कुणी काढलाही नव्हता. डॉक्टरांनी बाटलीतला थंडगार द्रव हातावर घेऊन चोळला, माझं काम किती छान आहे ते सांगितलं, मग परत हात चोळले आणि म्हणाले, ‘बोला, तुमची काय अपेक्षा आहे?’

मी म्हटलं, ‘चाळीस.’ तालीम केली होती तसंच, खाली न बघता.

ते हसले. कुणी लहान मुलाने विमान मागितल्यावर हसतात ना, तसे. म्हणाले, ‘ताई, रागावू नका हं. परवाच सरांशी बोलणं झालं. सर म्हणाले, पैशाचं तू फार मनावर घेऊ नकोस. चार माणसांत तिचं मन रमलं की झालं. हात रिकामे राहू नयेत, एवढंच बघायचंय.’

बाबा, त्यांनी तुमची नक्कल केली. वाक्याच्या आधी तुम्ही घसा खाकरता तसा खाकरलासुद्धा. त्यामुळे मला खोटं मानायलाही जागा उरली नाही.

मग म्हणाले, ‘अठ्ठावीस देतो. सध्या तुम्हाला सव्वीस मिळतात ना? म्हणजे दोन जास्तच झाले. सरांची मुलगी म्हणून घरच्यासारखं बघेन.’ पुन्हा घरच्यासारखं. सव्वीसचा आकडा मी त्यांना सांगितला नव्हता. तो तुम्हाला आईकडून कळला असणार, आणि त्यांना तुमच्याकडून.

 ‘विचार करून सांगते’ म्हटलं आणि उठले. बसथांब्यावर बसून राहिले. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. शेजारच्या बाईने विचारलं, ‘बरं वाटत नाही का?’ मी म्हटलं, ‘दात दुखतोय.’

मला दादाची पहिली नोकरी आठवली. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्याबरोबर गेला होतात. साहेबाने कमी आकडा सांगितल्यावर तुम्ही म्हणे खुर्ची मागे सारून उठलात, दारापर्यंत गेलात, आणि तिथे साहेबाने हाक मारली. कितीतरी महिने जेवताना आम्ही ही गोष्ट ऐकली. दारापर्यंतची पावलं तुम्ही ताटासमोर बसल्या बसल्या बोटांनी दाखवायचात. मी वाढत असायचे. मला तुमचा अभिमान वाटायचा हो. लोकांना सांगायचे मी ती गोष्ट.

आणि माझ्या वेळी? दादाला पैसे मिळावेत म्हणून उठून दारापर्यंत जाणारा माणूस, मला मिळू नयेत म्हणून फोनवर बसला.

माझं मन रमायला नकोय कुठे. मला घरभाडं आहे, शाळेची फी आहे. लोकांच्या तोंडात दिवसभर राहतील असे दात मी करते. ते घालून माणसं चावतात, हसतात, एकमेकांशी भांडतात. घाण वाटते मला या सगळ्याची. त्या चोळलेल्या हातांची घाण वाटते, तुमच्या खाकरण्याची घाण वाटते. घरी येऊन अंघोळ केली तरी जात नाही.

तुमचे जावई दर महिन्याला माझा पगार मोजून घ्यायचे. तेव्हा मात्र मला कमाईची गरज नाही असं तुम्ही त्यांना एकदाही म्हणाला नाहीत.

— मी


२५ जून

बाबा,

तुमचं पाकीट आलं. पत्त्यावरचं अक्षर बघून, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. जिन्यातच फोडलं. आत माझंच पत्र होतं.

लाल शाईने तपासलेलं. ‘घाण’ शब्द तीनदा आला म्हणून खाली रेघ ओढून बाजूला ‘पुनरुक्ती’. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंय. आणि तळाशी तुमचा शेरा: ‘मोठ्यांना जाब विचारू नये. जे बोललो ते तुझ्या भल्यासाठी.’ ‘भल्यासाठी’च्या खाली दोन रेघा.

नातीने वाचलं. ती म्हणाली, ‘आई, आजोबांनी तुला मार्क नाही दिले?’

त्या दोन रेघांचा अर्थ मला परवा कळला. आईचा फोन आला होता. कपडे वाळत घालते म्हणून गच्चीवर गेली होती, वाऱ्याने अर्धं ऐकू येत नव्हतं. आधी नातीची चौकशी केली, खोकल्याची केली. मग म्हणाली, ‘एक सांगायचंय. त्या डॉक्टरने आपणहून अडतीस म्हटलं होतं गं.’

मी म्हटलं, ‘कुणाला?’

‘यांना. फोन मोठ्या आवाजात ठेवतात ना, मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते. तो म्हणाला, सर, अडतीस देईन म्हणतो, तुमचं काय मत? तर हे म्हणाले, एवढे कशाला आणि, सव्वीस-अठ्ठावीस पुष्कळ झाले.’

‘का पण? आई, का?’

 चादर फडफडल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, ‘फोन ठेवल्यावर मी तेच विचारलं. तर म्हणाले, हातात एवढा पैसा खेळायला लागला की ती परत जायची नाही.’

कुठे परत, ते मी विचारलं नाही. कळलं मला.

म्हणजे तुम्ही हिशेब मांडला होतात. भाडं भागलं नाही, नातीची फी थकली, की ही नाक मुठीत धरून नवऱ्याच्या दारात उभी राहील. आणि हे माझ्या भल्यासाठी, दोन रेघा ओढून. मी का निघाले ते तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका. आईला मी बाही वर करून दंड दाखवत होते तेव्हा तुम्ही समोरच बसला होतात. वर्तमानपत्र थोडं खाली आलं होतं. तुम्ही पाहिलंत, आणि ते परत वर गेलं.

त्या दिवसापासून मला वाटत होतं की तुम्ही लाजलात. दोन वर्षं मी तुमच्या गप्प बसण्याला लाज समजून चालले होते.

आईला मी म्हटलं, ‘हे मी बाबांना लिहिलं तर तुला त्रास होईल.’ ती म्हणाली, ‘लिही खुशाल.’ मी म्हटलं, ‘तुझं नाव नाही घालत.’ तर जरा चिडूनच म्हणाली, ‘घाल की. मला नाव आहे ना?’

म्हणून घातलं.

उद्या मी डॉक्टरांकडे जातेय.


२७ जून

बाबा,

गेले होते. टाकीतला मासा काढला होता.

डॉक्टरांनी चहा मागवला. मी अठ्ठावीसला ‘हो’ म्हणायलाच आलेय असं त्यांनी गृहीत धरलं होतं. रुजू होण्याच्या तारखाच सांगायला लागले. मी त्यांना बोलू दिलं. मग म्हटलं, ‘डॉक्टर, तुम्ही माझ्या वडिलांना अडतीस म्हणाला होतात.’

त्यांचा हात त्या बाटलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

‘कोण म्हणालं?’

‘तुम्हीच म्हणालात. आमच्या घरी फोन मोठ्या आवाजात असतो.’

ते बराच वेळ टेबलाच्या काचेवरचा डाग पुसत बसले. मग म्हणाले, ‘त्याचं काय आहे ताई, सरच नको म्हणाले. त्यांचा शब्द मी कसा मोडणार?’

‘काम त्यांनी करायचंय की मी?’

‘तुम्हीच, पण...’

‘मग माझ्याशी बोला. अडतीस तुम्ही कुणी न मागता, आपणहून म्हणाला होतात. माझी कवळी तुम्ही बघितलीय, दोन डॉक्टरांना दाखवलीय, पसंत आहे असं स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. म्हणून मी चाळीस म्हणतेय.’

  कप बशीत ठेवताना एवढा वाजला की बाहेरच्या मुलीने काचेतून वळून बघितलं. पण मी थांबले नाही. आमचे मालक मला तोंडी किती गोष्टी कबूल करून विसरलेत ते सांगितलं, आणि म्हटलं, जे ठरेल ते सहीशिक्क्याने हवं. त्यांनी बजेट काढलं, इतर लोकांच्या पगारांचं गाऱ्हाणं काढलं. मी म्हटलं, ‘इतरांना कमी देत असाल तर त्यांचेही वाढवा.’ यावर ते खरंच हसले, पहिल्यांदाच माणसासारखे.

शेवटी अडतीसवर आले. सहा महिन्यांनी चाळीस, आणि तेही नेमणुकीच्या पत्रात लिहून. मी पत्र तिथेच बसून वाचलं, एक ओळ बदलून घेतली आणि सही केली.

निघताना ते दारापर्यंत आले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, ‘सरांना मात्र कळवू नका हं.’ पन्नाशीचा माणूस. केस पिकलेत, हाताखाली एवढं मोठं हॉस्पिटल आहे, आणि अजून तुमच्या छडीला भितो. त्या भीतीपोटी एका बाईचे महिन्याला दहा हजार कापायला निघाला होता. मला त्याची कीवही आली नाही. मी म्हटलं, ‘कळवणार आहे.’

तुम्हाला वाटत असेल मी खूश असेन. नाही. माझे दात बघून कुणी मला हे पैसे देऊ केले नाहीत. माझ्या पाठीमागे दोन पुरुष फोनवर माझ्याबद्दल काय बोलले ते उघड्यावर आणलं, तेव्हा मिळाले. आईने त्या दिवशी दुसऱ्या खोलीत घड्या घातल्या असत्या, तर मी आज अठ्ठावीसवर सही करून, वर डॉक्टरांचे आभार मानून आले असते. 

माझ्या लग्नाची बोलणी तुम्ही केलीत. पगाराचीही करून बघितलीत. आता माझी कसलीही बोलणी तुम्ही करायची नाहीत.

— तुमची मुलगी, आईचीही


१९ सप्टेंबर

बाबा,

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्याकडून घरचं सगळं कळलं.

माझं जूनचं पत्र वाचून तुम्ही आईशी बोलणं टाकलंत. ‘फितूर’ म्हणालात तिला. तिच्या हातचा चहा बंद केलात, कपडे स्वतः धुवायला लागलात. आणि तुमची कवळी, जी इतकी वर्षं आई रोज रात्री घासून पाण्यात ठेवायची, तीही तिला शिवू दिली नाहीत. स्वतः धुवायला गेलात, साबणाने हातातून सटकली आणि बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले. दादा म्हणाला, ‘बाबा महिनाभर पातळच पितायत. घराबाहेर पडत नाहीत. तू घरच्या घरी करून दे ना एखादी. बिलाच्या भानगडीत कशाला पडायचं?’

दादालाही घरचंच आठवलं.

मी त्याला सांगितलं, तिकडच्या डॉक्टरकडून नीट माप घेऊन इकडे आमच्या लॅबला पाठव. तुमच्या जबड्याचा साचा आज सकाळी टेबलावर आला. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, ‘सरांकडून पैसे कसे घ्यायचे हो?’ मी म्हटलं, ‘जसे सगळ्यांकडून घेता तसे.’ बिल तुमच्या नावाने येईल. त्यात माझी मजुरी वेगळी लिहिलेली नाही, पण ती आहे. कमी करून मागू नका.

दिवसभर तो साचा माझ्यासमोर होता. मी शेकडो जबडे बघितलेत, मला काही वाटत नाही. तुमचा बघून वाटलं. इतका लहान आहे. वयाने हाड झिजतं, सगळ्यांचंच झिजतं, पण तुमचंही झिजेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. घरभर दरारा होता तो या एवढ्याशा जागेतून निघायचा. मला क्षणभर तो कापसात गुंडाळून परत पाठवून द्यावासा वाटला. मग दिवा जवळ ओढला आणि मेण तापत ठेवलं. काम वाईट करणार नाही मी. तुमच्या जुन्या कवळीत समोरचे दोन दात फार पांढरे होते, आता वयाला शोभतील असे घेतलेत. पंधरा दिवसांत मिळेल.

काल आईशी बोलले. तुम्ही परत बोलायला लागलात तर ती बोलेल, चहाही देईल. पण तुमचे दात ती आता धुणार नाही. हे तिचं म्हणणं आहे, मी शिकवलेलं नाही. तेव्हा कसे धुवायचे ते लिहून देते. इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते तेच.

बेसिनमध्ये आधी पाणी भरून घ्या, नाहीतर तळाशी जाड टॉवेल घाला, म्हणजे हातातून सुटली तरी फुटणार नाही. मऊ ब्रश घ्या. गरम पाणी वापरू नका, तिचा आकार बिघडतो. दातांकडून धरा, फार आवळू नका. आतली बाजूही घासा, ती दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात आणि मग वास येतो. रात्री वाटीत पाणी घालून त्यात बुडवून ठेवा. वाटीवर झाकण घाला, आणि ती सकाळी स्वतः धुऊन ठेवा.

पहिले काही दिवस टोचेल. तरी काढून ठेवू नका. जिथे टोचेल ती जागा डॉक्टरला दाखवा, घासून देतील. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

— मी